झाकून ठेवलेलं पाणी

करुणाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी फुलंब्रीच्या शाळेत सहावीच्या वह्या तपासत होते. "मावशी, आई गेली," एवढंच भाचा बोलला. मी पर्स उचलली, बसमध्ये बसले आणि मुकुंदवाडीत तिच्या दारात पोचले तरी डोळ्यांत पाणी आलं नाही. खरं सांगायचं तर मनात आलेला पहिला विचार लाजिरवाणा होता... आता महिनाभर सगळे हिच्याबद्दलच बोलणार. सख्खी थोरली बहीण गेल्यावर कुणाला असं वाटतं का? मला वाटलं. आयुष्यभर तिचा हेवा करायची सवय, ती काय एका फोनने सुटणार होती? दफनविधीला चर्चचं आवार भरून गेलं. सिल्लोडहून तर बायकांनी भरलेली जीप आली. ज्यांना मी ओळखतही नव्हते त्या "आमची ताई गेली" म्हणून हुंदके देत होत्या, आणि मी मनात म्हणत होते, तुमची कधीपासून?

लहानपणी हा हेवा साधासुधा होता. तिचे केस लांब, आवाज गोड, नाताळच्या गाण्यांत पहिली ओळ कायम तिची. बाबांनी हौसेने आमच्या चर्चच्या मंडळीतल्याच एका काकांना तिला पेटी शिकवायला घरी बोलावलं. वर्षभराने ताईने अचानक पेटी सोडली. आई चिडली, बाबांनी समजावलं, पण ती नाही म्हणजे नाही. मग तिच्या जागी मला बसवलं. मला कोण आनंद! ताईचं काहीतरी पहिल्यांदाच माझ्या वाट्याला आलं होतं... पुढचं मी कधी कुणाला सांगितलं नाही.

आमची लग्नं झाली, मुलं मोठी झाली, ते काका वारले. एका बुधवारी महिलांच्या प्रार्थनेत साक्षीची वेळ आली. आमच्यात साक्ष द्यायची म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सर्वांना सांगायचं. बहुतेकींचं नोकरी, आजारपण, पोरीचं लग्न असंच असतं. ताई उभी राहिली. "मला पेटी शिकवायला एक जण यायचे," अशी तिने सुरुवात केली आणि त्या माणसाने लहानपणी तिच्यावर केलेला अत्याचार शांतपणे सांगू लागली. चर्चच्या पाळकांच्या पत्नीने घाईघाईने गीत सुरू केलं. ताई गीत संपेपर्यंत उभी राहिली आणि पुढचं बोलली. "लोक म्हणतात, क्षमा कर. करीन, जमंल तवा. आधी मी देवाला समदं सांगितलं. त्याला ठाऊकच होतं, तरी त्यानं मधी तोंड घातलं नाय. तवापासून लई हलकं वाटतंय." पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने उठून तिला मिठी मारली. मग दुसरीने, तिसरीने. मी मागच्या भिंतीला टेकून बघत होते आणि माझ्या पोटात नुसतं दुखत होतं. जे माझंही होतं, त्याची सगळी माया ती एकटीच घेऊन गेली. ती 'मी' म्हणाली, 'आम्ही' म्हणाली नाही. आणि 'आम्ही' म्हणाली असती तर मी तिचं तोंड पुन्हा पाहिलं नसतं, हेही तितकंच खरं.

त्यानंतर तिच्या घरी बायका येऊ लागल्या. आपल्या मंडळीतल्या, परक्या, कुणी कुणाला घेऊन. ताई उपदेश करत नसे. पुढच्या खोलीत चटई अंथरायची, समोर फुलपात्रात पाणी, त्यावर वाटी झाकलेली, आणि ती गप्प. बोलायचं असेल तिने बोलावं, नाहीतर पाणी पिऊन जावं. तिचा असा नावलौकिक झाल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला. शेवटी एका बुधवारी मीही साक्षीला उभी राहिले आणि माझा मुतखडा नुसत्या प्रार्थनेने कसा विरघळला ते रंगवून रंगवून सांगितलं. सगळ्या "आमेन" म्हणाल्या आणि चहाकडे वळल्या. ताई मात्र आमेन म्हणाली नाही.

तिच्या घरी गेल्यावर ती म्हणाली, "सुमे, खडा तर दवाखान्यात काढला. ही साक्ष तुझी नाय."

"तुझीच तेवढी खरी का?" मी फणकारले.

तिने फुलपात्रात पाणी ओतलं. मग म्हणाली, "मी पेटी कामून सोडली ते आईला सांगितलं नाय. तुला तिथं बसवलं, तवाबी तोंड उघडलं नाय. भेत होते गं... त्याची माफी मी रोज मागते."

"मला काही झालं नाही," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि पाण्याचं फुलपात्र झाकून माझ्यासमोर ठेवलं. "ठिवलंय. घाई नाय."

त्यानंतर मी केव्हाही गेले की ते फुलपात्र समोर यायचं आणि मी मुद्दाम चहा मागायचे. शेवटच्या भेटीतही, अंथरुणातून उठवत नव्हतं तरी तिने सुनेला खुणेने पाणी ठेवायला लावलं. मी चहाच घेतला.

दफनविधीनंतर सिल्लोडची बिल्कीसबी माझ्याजवळ आली. मी धाकटी बहीण, हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. माझा हात धरून म्हणाली, "आपा मेरी पूरी बात सुने. बीच में एक लफ्ज नै बोले. तुम तो सगी बहन, तुम्हारी तो कित्ती सुने होंगे!" मला तिचा असा हेवा वाटला की सांगता येत नाही. ताईने तिचं ऐकलं होतं. सगळ्यांचं ऐकलं होतं. माझंच तेवढं ऐकायचं राहिलं, आणि ते मीच राहू दिलं होतं. रडू आलं ते तेव्हा.

परवाच्या बुधवारी बायका ताईच्याच घरी जमल्या. सुनेने चटई अंथरली, फुलपात्र भरलं, वर वाटी झाकली आणि समोर ठेवलं. कुणी पुढे होईना. ताई बसायची त्या कोपऱ्याकडे सगळ्या बघत होत्या. मी उठले, चटईवर जाऊन बसले. वाटी काढली आणि पाणी प्यायले, सगळं.

"ताईने पेटी सोडली," मी म्हणाले, "मग तिच्या जागी मला बसवलं."

कुणीही गीत सुरू केलं नाही.