पुलावर बोलायचं नाही

गौराक्काच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. कोल्हापुरात, मंगळवार पेठेत पिठाच्या गिरणीला लागून तिची खोली होती. आत चार टीव्ही आणि चार बाकडी, दारात चपलांचा ढीग. एखादं नवखं पोरगं चपलांसकट आत आलं की अक्का मान न वळवता म्हणायची, "तालमीत चपला घालून जातूस काय रं? मग हितं का?" पोरगं निमूट मागे फिरायचं. न बघता तिला चपला कशा कळतात, याचं आम्हाला फार नवल वाटे.

दुसरा नियम याहून कडक होता. तिच्याकडचा सगळ्यात जुना खेळ म्हणजे पुलाचा गेम. कंपनीनं त्याला इंग्रजी नाव दिलं होतं, पण पेठेत ते कुणी कधी उच्चारलं नाही. पाठीवर गाठोडं घेतलेला एक माणूस डोंगर चढत जातो आणि शेवटी दरीवरच्या लाकडी पुलाशी येतो. पुलाच्या काही फळ्या कुजक्या असतात, आणि कुठल्या कुजक्या ते दर खेपेला बदलतं. कुजक्या फळीवर पाय पडला की तिथल्या तिथं उडी मारायची, नाहीतर माणूस दरीत आणि खेळ पहिल्यापासून. गाठोडेवाला पुलाशी आला की अक्काच्या खोलीत कुणी बोलायचं नाही. बाकीच्या तीन टीव्हींचे आवाज बंद. कुणाच्या तोंडून शब्द गेलाच तर अक्काच्या माहेरचं कानडी बाहेर यायचं, "सुम्निरू." म्हणजे गप्प बस. ते इतक्या हळू यायचं की माणूस त्यानंच घाबरावा.

एकदा पेठेच्या फुटबॉल टीममधली पोरं मॅच जिंकून गुलालानं माखून आली. आरडाओरडा, शिट्ट्या. अक्का पुलावर होती. तिनं खेळ थांबवला, रिमोट मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "पावणं, गोल मैदानात मारलाय न्हवं? मग हितं कशाला फिरवताय त्येला?" पोरं बाहेर जाऊन पायरीवर गुपचूप बसली. आम्ही या नियमाला देवळातल्या शांततेसारखं मानत होतो. पुलावर बोलणारा पडतो, अशी पेठेतल्या पोरांची पक्की समजूत होती. घरी मोबाईलवर खेळतानासुद्धा कुठे पूल लागला की आम्ही गप्प व्हायचो.

अक्का सीमेकडच्या गावची, लग्न होऊन कोल्हापूरला आलेली. पार्लर तिच्या नवऱ्यानं काढलं होतं. तो लवकर गेला. तेव्हा भावकीतले सगळे म्हणाले, खोली भाड्यानं दे आणि घरात बस. ती म्हणाली, "बसायचंच हाय तर हितं बसतो की." कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं ती मी येतो, मी बसतो असंच बोलायची. कपाळावर विभूतीचे पट्टे, घट्ट अंबाडा, आणि खेळताना मान तिरकी, उजवा कान टीव्हीकडे. तिची मान धरलेली असते, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी तिच्याकडे जाऊ लागले ती पोरींच्या वेळेत. चार ते सहा पोरींची वेळ, हा तिचा तिसरा नियम. त्या दोन तासांत कितीही मोठा गडी आला तरी त्याला बाहेर थांबावं लागे. एकदा एकानं वाद घातला, "अक्का, पोरींना काय कळतंय गेममधलं?" अक्का म्हणाली, "तुला काय कळतंय ते मी रोज बघतोय. आता त्यास्नी कळू दे." स्त्रीमुक्तीवर मी पुढे बरंच वाचलं. तरी माझ्या मनात त्या शब्दाबरोबर अजूनही गिरणीच्या पिठाचा वास येतो आणि बाहेर ताटकळणारे पाच-सहा गडी दिसतात.

माझ्या घरात वेगळं हवामान होतं. वडील छापखान्यात. संपाची, मोर्चाची, सभांची पत्रकं त्यांच्या हाताखालून जात. आमच्याकडे भाजी पत्रकांवर निवडली जायची आणि भांडणंही पत्रकाच्या भाषेत व्हायची. मी अक्षरं शिकले ती 'जाहीर निषेध' या शब्दांतून. अक्कानं हे ऐकलं आणि माझं नाव 'पत्रकवाली' ठेवून टाकलं.

म्हणून दोन वर्षांपूर्वी पुलाचा गेम नव्यानं करून बाजारात आला तेव्हा मी स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं. तोच डोंगर, तोच माणूस, पण आता त्याच्या दाढीचा केस न् केस दिसत होता. आणि नवा आला त्याच आठवड्यात कंपनीनं जुना विक्रीतून काढून घेतला. याचा मला संताप आला, आजही येतो. पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची आणि जुन्या प्रती रद्दीत घालायच्या, याला कुणी सुधारणा म्हणेल का? मी पत्रक लिहिलं. 'आमच्या आठवणी आम्हालाच विकू नका.' नवा खेळ कुणी खेळू नये, असं आवाहन केलं, वडिलांकडून छापून घेतलं आणि पहिली प्रत अक्काला दिली. ती माझ्या बाजूनं असणार याबद्दल मला शंका नव्हती. तो जुना खेळ तिच्याइतका कुणी खेळलाच नव्हता.

तिनं कागद हातात घेतला, बोटांनी चाचपला आणि परत दिला. "वाच."

"तू वाच की अक्का."

"लिवलंयस तू. लिवणाऱ्याच्या तोंडनं ऐकलं की कळतंय किती खरं हाय."

मी वाचलं. शेवटच्या परिच्छेदाला माझा आवाज चढला. ती म्हणाली, "जोर हाय. जुना काढून घेतला हे वाईटच केलं त्यांनी. आणि नवा खेळलीस काय?"

"नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्वाला हात असत्यात व्हय? खेळायला हात लागत्यात." मग बाकड्यावरच्या पोरींकडे तोंड करून, "गेल्या जन्मी ही सासू हुती बघा. भाजी न चाखता मीठ कमी म्हणणारी."

पोरी फिदीफिदी हसल्या. पण अक्कानं ते पत्रक दाराला चिकटवायला लावलं. वाद आवडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. आपल्याला न पटलेला कागद स्वतःच्या दाराला लावणारं तेवढं एकच माणूस पाहिलं.

तिनं कागद वाचायला का सांगितलं, ते पुढे महिन्याभरात कळलं. तिचा भाचा बसू पार्लरमध्ये हाताखाली असायचा. त्यानं मला गिरणीपाशी गाठलं आणि म्हणाला, "पत्रकवाली, अक्काला दिसत न्हाय." काचबिंदू. डावा डोळा केव्हाच गेला होता, उजव्यात दाराच्या फटीएवढं उरलं होतं. कैक वर्षं हे चाललं होतं आणि तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. चपला ती आवाजावरून ओळखायची. आणि पूल ती ऐकून पार करायची. धड फळी 'टक' वाजते, कुजकी 'कर्र' करते. आम्ही डोळे फाडून फळ्यांचा रंग बघत होतो, आणि ती कान देऊन बसलेली होती. देवळातली शांतता, पडण्याची समजूत, ते सगळं आम्ही आमच्या पदरचं लावलं होतं. तिला फक्त फळ्या ऐकू यायला हव्या होत्या.

बसूनं आणखी एक सांगितलं. मलकापूरला दिलेली लेक तिला कधीपासून बोलावत होती. अक्कानं लेकीला शब्द दिला होता, "ज्या दिवशी पुलावरनं पडंन त्या दिवशी किल्ली बसूच्या हातात देतो आणि तुझ्याकडं येतो." म्हणून रोज सकाळी, विभूती लावून झाली की, दार उघडायच्या आधी ती एकदा पूल पार करून बघायची. अजून पडली नव्हती.

आणि मग तिचा जुना डबा टीव्ही गेला. एका सकाळी चित्र मिचमिचलं आणि काळं झालं. बाकीचे तिन्ही टीव्ही नवे, पातळ. जुनं यंत्र त्यांना जोडलं तर चालायचं, पण बटण दाबल्यावर आवाज जरासा मागाहून यायचा. तुम्हा-आम्हाला तो फरक कळणार नाही. अक्काला लगेच कळला. "फळी वाजती तवर मी दरीत गेलेली असतो," ती म्हणाली. बसू म्हणाला, "मग नवा खेळ, अक्का. मी आणलाय." त्याला बिचाऱ्याला पार्लर घशात घालायचं नव्हतं. तिचा सकाळचा खेळ चुकू नये, एवढंच त्याला हवं होतं.

मी म्हणाले, "थांबा. पेठ वडगावला माझ्या मावशीकडे डबा टीव्ही आहे. रविवारी आणते."

"रविवारपातूर पूल थांबतोय व्हय?" म्हणत अक्कानं नवा रिमोट हातात घेतला.

पोरींची वेळ होती, खोली भरलेली होती. माणूस डोंगर चढू लागला. वाऱ्याचा आवाज, धबधब्याचा आवाज, वरून पन्नास व्हायोलिनं एकदम वाजावीत असं संगीत. पूल आला आणि सगळ्याजणी गप्प झाल्या. खेळ मात्र गप्प झाला नाही. अक्का मान तिरकी करून तिसऱ्या फळीपर्यंत गेली. चौथी फळी त्या गोंगाटात वाजली की नाही, कुणालाच कळलं नाही. माणूस दरीत गेला.

अक्कानं रिमोट ठेवला. कनवटीची किल्ली काढली आणि बसूच्या पुढ्यात ठेवली.

"अक्का, हे पडणं धरू नको," बसू म्हणाला.

"पूल तो पूल."

मी भडकले. "हा तुझा पूल नाहीच. हा फसवा पूल आहे. एवढ्या गोंगाटात कोण ऐकेल? मी पत्रकात लिहिलं होतं ते हेच. नटवायचं आणि आतला जीव काढून घ्यायचा."

"तू लिवलंस तवा खेळली न्हवतीस," ती शांतपणे म्हणाली. "आता हाय तर बघ की. गोंगाट कमी करायला कायतरी असंलच. रेडिओला बी बटण असतंय."

मी तणतणत सेटिंग उघडलं आणि एकेक ओळ तिला वाचून दाखवू लागले. संगीत बंद करता येत होतं, वारा कमी करता येत होता. खाली गेले तेव्हा एक वेगळंच पान लागलं. माझा आवाज आपोआप उतरला. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी, असं तिथं लिहिलं होतं. फळ्यांचे आवाज मोठे करा. पुढची फळी कुठल्या बाजूला आहे ते त्या बाजूच्या कानात ऐकवा. कुजक्या फळीवर हातातला रिमोट थरथरवा.

अक्कानं उजवा कान माझ्याकडे केला. मग म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं.

"हे कुणी केलं?"

"कंपनीनं."

"कंपनीला कान असत्यात व्हय? माणसानं केलंय. तिकडं कुठंतर बसून कुणीतरी इचार केलाय, की एखादीला दिसत नसंल आणि तिला पूल वलांडायचा असंल." ती माझ्याकडे वळली. तिचं तोंड माझ्यापासून वीतभर बाजूला होतं, तेवढं चुकायचं आता. "तू पत्रकात कामगार कामगार लिवतीस. मग ह्यो कोण?"

मी त्या पानावरची एकेक सोय तिच्यासाठी चालू केली.

दुसऱ्या दिवशी ती नव्या पुलावरून पार गेली. हेडफोन लावून, मान सरळ ठेवून. इतक्या वर्षांत मी तिची मान सरळ पहिल्यांदाच पाहिली. पलीकडे पोचल्यावर डोंगरावर सूर्य उगवतो. पोरी म्हणाल्या, अक्का, लई भारी दिसतंय. ती म्हणाली, "दिसू दे की. तुम्ही बघा." बसू किल्ली घेऊन आला. तिनं हात मागे घेतला. "शबूद दिलाय. आता पडलो न्हाय म्हणून कालचं पडणं पुसतंय व्हय?"

रविवारी मी वडगावचा डबा टीव्ही आणला. जुना खेळ लावून दिला आणि ती जुन्या पुलावरूनही पार गेली, अगदी सहज. मी विचारलं, "खरं सांग अक्का. कुठला चांगला?"

"जुना चांगलाच हाय. पर त्यो माझ्यासाठी केल्याला न्हवता. मी त्येच्यात घुसलो, आणि ऱ्हायलो. ह्यो नवा माझी वाट बघत हुता." थोड्या वेळानं म्हणाली, "पर जुन्यात घुसलो नसतो तर ह्येच्यात काय ऐकायचं त्ये तरी कुठनं कळलं असतं? दोन्ही ठेव म्हणावं त्यांना. एक दाखवून दुसरा का काढून घेत्यात?"

मी नवं पत्रक लिहिलं. या खेपेला नवा खेळू नका, असं म्हटलं नाही. जुना परत विक्रीला ठेवा, असं म्हटलं. आणि खाली एक ओळ घातली, फळ्यांना आवाज देणाऱ्या त्या अनोळखी कामगाराला सलाम. वडील ती ओळ जुळवताना थांबले, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि ठळक टाइप वापरला.

अक्का मलकापूरला गेली. नवा खेळ बरोबर नेला, जुना पार्लरमध्ये ठेवला. बसूनं बाकी बरंच बदललं, पण चपला अजून बाहेरच राहतात आणि चार ते सहा पोरींची वेळ आहे.

परवा मी तिला फोन केला. जुना खेळ अजून विक्रीला आलेला नाही, कंपनीला पत्र धाडलं आहे, हे सगळं सांगायचं होतं. लेकीनं फोन उचलला आणि कुजबुजली, "ताई, आई पुलावर हाय."

मी बोलायची थांबले. फोन तिनं तसाच टीव्हीजवळ ठेवला असावा. पलीकडून एकेक फळी ऐकू येत होती, टक, टक, मग कर्र, आणि त्यावर उडी. मी कानाला फोन लावून उभी राहिले. समोरून गल्लीतला एक ओळखीचा आला, काहीतरी विचारायला त्यानं तोंड उघडलं.

"सुम्निरू," मी म्हणाले.