शेजारच्या देशाविषयीचा माझा अर्धा तास

जून २०१८, पहिला शनिवार. मी बोलत असताना माझ्यासमोरचा माइक वेळेआधी बंद करण्यात आला. जबाबदार: आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याचे अध्यक्ष.

जुलै, पहिला शनिवार. कार्यक्रमपत्रिकेत माझे नाव चहानंतर, म्हणजे लोक उठून जाण्याच्या वेळेला टाकण्यात आले. जबाबदार: सचिव.

ऑगस्ट, पहिला शनिवार. ‘वकीलसाहेबांच्या अर्ध्या तासाचा फेरविचार व्हावा’ असा ठराव मांडण्यात आला. सूचक: सचिव. अनुमोदक: माझी पत्नी.

आता हकीकत सांगतो.

सांगलीच्या दिवाणी न्यायालयात मी उभे आयुष्य वकिली केली. त्यानंतर आम्ही दोघे मुलाकडे कॅनडात स्कारबरोला आलो आणि त्याच्या बेसमेंटमध्ये राहू लागलो. घर उबदार, माणसे प्रेमळ. पण माझ्या युक्तिवादाला श्रोता उरला नाही. नातवंडांना मराठीत प्रश्न विचारावा, तर ती इंग्रजीत दोन शब्द टाकून जिना चढून जातात. मुलगा ऑफिसातून येतो आणि ‘बाबा, नंतर’ म्हणतो. हे ‘नंतर’ कोणत्याही न्यायालयाच्या तारखेपेक्षा लांबचे असते. त्यामुळे महिन्यातून एकदा वाचनालयाच्या खोलीत भरणाऱ्या कट्ट्यावर मला मिळणारा अर्धा तास, एवढीच माझी चालू वकिली होती. प्रतिवादी एकच: अमेरिका.

या अर्ध्या तासाचे मी दोन भाग केले होते. पहिल्या भागात महिनाभरातील अमेरिकेच्या वर्तनाचा समाचार. दुसऱ्या भागात त्याच अमेरिकेच्या डोंगरांतले संगीत. सरोवरापलीकडचे, अमेरिकेतले एक रेडिओ केंद्र रविवारी सकाळी केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनियाकडची जुनी गाणी लावते. एक बँजो, एक फिडल, आणि नाकातून येणारा, कसलीही आर्जवे न करणारा आवाज. माझे मत असे की, ज्या देशाचे पुढारी इतके लांब बोलतात, त्याच देशाचे डोंगर इतके थोडक्यात गातात, हे त्या देशातले सर्वांत मोठे आश्चर्य आहे.

जूनमध्ये मी पहिल्या भागातून बाहेरच पडू शकलो नाही. कॅनडाचे पोलाद हा आपल्या राष्ट्रीय सुरक्षेला धोका आहे, असे कारण देऊन अमेरिकेने त्याच आठवड्यात त्यावर शुल्क लावले होते. ज्या देशात आपण एखाद्याच्या पायावर पाय दिला, तर तोच आपल्याला सॉरी म्हणतो, त्या देशापासून धोका! मी पुरावे मागत होतो, तेवढ्यात माइक गेला.

“वकीलसाहेब, लोक घड्याळ बघतायत,” अध्यक्ष म्हणाले. ते निवृत्त बँक व्यवस्थापक आहेत.

“घड्याळ बघणे हा हरकतीचा मुद्दा होत नाही,” मी म्हणालो.

“मग भूक लागणं होतो का? सामोसे गार होतायत.”

जुलैमध्ये चहानंतर आठ-दहाच माणसे उरली. त्यांत मार्कहॅमहून येणारे एक गृहस्थ होते. मूळचे अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. कोळशाच्या खाणीत नवरा गमावलेल्या बाईचे एक गाणे मी लावले. ते ऐकून गृहस्थ सावरून बसले. “हे तर आमच्याकडचं कीर्तन,” ते म्हणाले. “आजोबा मोशेची गोष्ट सांगायचे, मधेच गायचे, परत गोष्ट. फक्त यांना टाळ कुणी दिलेले नाहीत.” माझा महिना सार्थकी लागला.

आणि ऑगस्टमध्ये ठराव आला.

कट्ट्याची नियमावली मीच लिहिलेली आहे. नियम पाच: ज्याच्यासंबंधी ठराव असेल, त्याने चर्चेच्या वेळी खोलीबाहेर जावे. नियम सात: पुढील सभेत इतिवृत्त वाचून मंजूर होईपर्यंत चर्चा गोपनीय राहील. दोन्ही नियम मी दुसऱ्यांसाठी लिहिले होते. अनुमोदकाचे नाव ऐकले आणि मी बाहेर जाऊन मुलांच्या विभागातल्या बुटक्या खुर्चीवर बसलो, गुडघे हनुवटीपाशी. आतून दोनदा हसण्याचा आवाज आला. नंतर पत्नी चिवड्याचा रिकामा डबा घेऊन बाहेर आली.

बसमध्ये मी विचारले, “काय ठरलं?”

“नियम सात,” ती म्हणाली.

“मी नवरा आहे तुझा.”

“नियमात नवऱ्याचा अपवाद कुठाय? तुम्हीच लिहायचा होता.”

मग महिनाभर मी लेखी मार्ग अवलंबला. ‘प्रति, माननीय अनुमोदक’ असे सुरू होणारे पत्र सकाळी तिच्या चहाच्या कपाखाली ठेवत असे. संध्याकाळी ते परत मिळे. पुढच्या बाजूला ‘पोचले’ असा शेरा आणि मागच्या बाजूला कोथिंबीर, दही, भांड्यांचा साबण. शेवटी मार्कहॅमच्या गृहस्थांना फोन केला.

“काय माणूस आहात,” ते म्हणाले. “कुलूप स्वतःच घातलंत आणि आता शेजाऱ्याकडे किल्ली मागताय. धीर धरा. पण एक सांगतो, वहिनी बोलल्या तेव्हा कुणी घड्याळ बघितलं नाही.”

यामुळे मला अजिबात बरे वाटले नाही.

सप्टेंबरच्या सभेत सचिवांनी इतिवृत्त वाचले. माझ्या पत्नीचे निवेदन त्यात शब्दशः होते: “हे घरी दिवसभर बातम्या ऐकून रागावलेले असतात. इथे येऊनही तेच ऐकवतात, मग आपण सगळेच रागावून घरी जातो. पण रविवारी ती डोंगरातली गाणी लागली, की हे हसतात. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे फारसं बघायला मिळालेलं नाही. तेव्हा राजकारण काढावं आणि सगळा अर्धा तास गाण्याला द्यावा. म्हणजे तुम्हालाही दिसेल.” ठराव या दुरुस्तीसह एकमताने मंजूर.

मी उभा राहिलो. माझे म्हणणे मांडले, की खाणकामगाराच्या विधवेचे गाणे कोळशावाचून समजत नाही, कोळसा निवडणुकीतल्या आश्वासनांवाचून समजत नाही, मग गाणे कुठे संपते आणि राजकारण कुठे सुरू होते, हे सभेने स्पष्ट करावे.

“वकीलसाहेब,” अध्यक्ष म्हणाले, “गाणं लावा.”

लावले. मग त्या गाण्यातील खाणीविषयी, ती बंद करून निघून गेलेल्या मालकाविषयी, आणि ती पुन्हा उघडण्याचे वचन देऊन मते नेणाऱ्यांविषयी मी पूर्ण अर्धा तास बोललो. सगळे गाण्याच्या अर्थाला धरूनच. सचिवांनी ठरावाचा कागद दोनदा वाचून पाहिला. चहा झाल्यावरही लोक बसून राहिले. मार्कहॅमच्या गृहस्थांनी गाणे पुन्हा मागितले.

तेव्हा ठरावाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती इतिवृत्तात नोंदल्या गेलेल्या एका विधानाबद्दल. ते माझ्या गैरहजेरीत, उलटतपासणीविना केले गेले आणि आता अभिलेखाचा भाग झाले आहे. म्हणून अनुमोदक यांना माझे जाहीर आवाहन आहे, की त्यांनी ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सर्व सभासदांसमोर उभे राहून उत्तर द्यावे: मी नेमका कोणत्या रविवारी, कोणत्या गाण्याला हसलो, आणि त्यांनी ते पाहिले असेल, तर त्याच वेळी मला का सांगितले नाही.