शाझियाच्या डब्यातले सहा सेकंद

मिरजेची शाझिया शिकलगार बारावीनंतर कॉलेजात गेली नाही. वडिलांच्या मोटर रिवायंडिंगच्या दुकानात बसून, मोबाईलवर बघत प्रोग्रॅमिंग शिकली. तिची डिग्री विचारणाऱ्याला मी सांगतो, आधी काम बघ, मग कागद माग.

आमच्या उपसा योजनेचं पाणी आम्हा शेवटच्या सात शेतकऱ्यांना पोचायचंच नाही. मोटर होती ऑपरेटर नाथाजीच्या हातात, आणि नाथाजी चेअरमन उदयसिंहांच्या. भांडून भांडून ठराव करून घेतला: पाळीप्रमाणे मोटर आपोआप चालू करणारा डबा बसवायचा. पहिल्या दिवशी चालला नाही, तर ठराव रद्द. डबा शाझियानं बनवला.

त्या पहिल्या दिवशी दुपारी चारला पंपघरात तिनं बटण दाबलं. मोटर गुरगुरली, ब्रेकर पडला. पुन्हा दाबलं, पुन्हा पडला.

"मॅडम, डबा गुंडाळा," उदयसिंह म्हणाले. "मोटर जाळाल आमची."

मी अंगावर जाणार, तोच शाझियानं हात आडवा घातला. "दादा, गप बसा." मोटर आधी हळू सुरू करायची, सहा सेकंद थांबून पूर्ण जोर द्यायचा; एकदम जोर दिला की ब्रेकर पडतो. डबा थांबतच नव्हता. आठवडाभर दुकानात मात्र बरोबर थांबत होता.

"नाथाजीकाका, हातानं चालू करताना सहा सेकंद कसं कळतं?"

"मोजतो की."

"मोठ्यानं?"

"मनात! मोठ्यानं मोजायला मी काय येडा हाय व्हय?"

सगळे हसले. शाझिया लॅपटॉप उघडून फरशीवरच बसली.

माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम डब्यातल्या चिपला वाचता येत नाही. तिला आकड्यांतले हुकूम लागतात: हे उचल, तिथं ठेव, इकडं उडी मार. आपल्या लिहिण्याचे हे हुकूम करून देतो तो कंपायलर. आमच्या लोकांनी हट्ट धरलेला, डब्यानं मोबाईलवर पाठवायचा पाळीचा मेसेज मराठीतच पायजे, ज्याच्या त्याच्या नावानिशी. त्यानं प्रोग्रॅम फुगला, चिपमध्ये मावेना. म्हणून आदल्या दिवशी तिनं कंपायलरला सांगितलं होतं, आटोपशीर करून दे. त्यानंतर दुकानात परत तपासायला वेळ उरला नव्हता.

आता ती झालेले हुकूम एकेक वाचत होती.

"गेले! दादा, सहा सेकंदच गेले. मी वेळ काढायला नुसते लाखो आकडे मोजायला लावलेले. मोजून त्यांचं पुढं काहीच नाही. कंपायलरनं बघितलं, हे कुणाच्या कामाचं नाही. कापून टाकलं."

"म्हंजे तुझा कंपायलरच फितूर!" मी म्हणालो.

"फितूर कसला? मीच कच्चं लिहिलं."

पावणेपाच झाले. सहाला लाईट जाणार.

"शेवटची बारी," उदयसिंह म्हणाले. "आता ब्रेकर पडला तर डबा नदीत."

तिनं मोजणं काढलं, चिपमधल्या घड्याळाकडं बघून थांबायला लिहिलं. घड्याळ बघायचा हुकूम कंपायलरला कापता येत नाही. पुन्हा हुकूम करून घेतले. या खेपेला डब्यात घालायच्या आधी बोट ठेवून वाचले.

बटण दाबलं. खट्. मोटर गुरगुरली. कुणी हललं नाही. मी ब्रेकरकडं बघत राहिलो.

खटाक्. मोटरनं पूर्ण जोर घेतला.

"आता लावा डब्याला हात!" मी उदयसिंहांपुढं गेलो.

"दादा, भांडण उद्या," शाझिया ओरडली. "एकच तास हाय. पळा, शेवटचा व्हॉल्व्ह उघडा!"

मी पळालो. पुढं नाथाजी पळत होता.