आतून कोरी

आमच्या वऱ्हाडात अॅल्युमिनियमला जर्मल म्हणतात. जर्मलचं पातेलं, जर्मलची परात, म्हणून ती जर्मलची नाव. एकोणीसशे साठच्या सुमारास मी दर्यापूरजवळच्या एका गावात चित्रकला शिकवत होतो. पावसाळ्यात पूर्णा नदी चढली की पलीकडच्या वस्तीचा बाजार न् दवाखाना बंद. म्हणून पंचायतीने लष्कराच्या मोडीतली ही नाव लिलावात घेतली. चेपलेली, कळकट, तळाला भोकं. दुरुस्तीला पैसा नव्हता आणि रंगाची हौस गावात मला एकट्यालाच होती, तेव्हा ती माझ्या गळ्यात पडली.

नाव चालवणार होते एक म्हातारे भोई. आम्ही दोघांनी ती विटकरीने घासली. चेपलेला पत्रा त्यांनी लाकडी मोगरीने ठोकून सरळ केला. जर्मलला कथलाचा डाख धरत नाही, म्हणून बाजारातल्या भांडीवाल्याने भोकांवर जुन्या परातीचे तुकडे रिबिटांनी ठोकले. रंग शाळेच्या खिडक्यांचा उरलेला निळा, जवसाच्या तेलात पातळ करून पुरवायचा.

"मास्तर, बाहीरून काय रंग द्याचा तो द्या," भोई म्हणाले, "पण अंदरून कोरी ठेवा. पाणी कुठून येऊन राह्यलं, ते मले दिसलं पाह्यजे."

मी हो म्हणालो. पण बाहेरून नाव इतकी देखणी झाली की आतला मळका पत्रा मला बघवेना. भोई नसताना मी आतूनही रंगवायला घेतली, तर बाकाखाली एक चीर सापडली. भांडीवाला पुढच्या बाजारालाच येणार होता. तेवढा धीर मला कुठला! खडूची पूड जवसाच्या तेलात मळून लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा केला, चिरेत भरला आणि वरून निळा हात फिरवला. भोयांनी आल्यावर तो रंग नुसता बोटाने चाचपला. मला वाटलं, आवडला.

तिसऱ्याच फेरीला भर धारेत नावेत पाणी चढलं. आत सहा माणसं, त्यात एक बाळंतीण. भोयांनी पाण्यात उडी घेतली, दोर खांद्यावर टाकला आणि नाव काठाला ओढून आणली. सगळे वाचले. पण म्हाताऱ्याने नाव खडकावर घातली असा बोभाटा झाला. पंचायतीत सरपंचांनी मला विचारलं, "मास्तर, तुमचं काम पक्कं होतं नं?"

भोई समोरच उकिडवे बसले होते. मी म्हणालो, "पक्कं होतं."

नाव त्यांच्याकडून काढून घ्यायचं ठरलं. दोन दिवसांनी मी काठावर गेलो, तर ते आतला निळा रंग विटकरीने खरवडत होते. चीर उघडी पडली होती, तिच्या कडेला माझा पांढरा खडू.

"आता नव्या माणसाले तरी दिसन," ते म्हणाले.

"तुम्ही पंचायतीत का बोलला नाहीत?"

"तुमी पोरायले शिकवता, मास्तर. तुमचा सबूद पडला तं कसं चालन?"

तेव्हाही मी सरपंचांकडे गेलो नाही. याची लाज आजही वाटते, नाव गळल्याच्या लाजेहून जास्त. दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो. मुलं नेहमीसारखी उठून उभी राहिली, आणि मी त्यांना बसा म्हणालो.