मावसाजींना दिसलेली पंगत

मंत्रिमंडळाच्या आतल्या गोटात माझ्या मावसाजींइतका मुरलेला माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल, आणि त्यांनी जन्मात एकही मंत्री डोळ्यांनी पाहिला नव्हता. मेहकरात त्यांची भुसार मालाची लहानशी अडत होती. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले, पण मावसाजींनी नागपूर सोडाच, अकोलाही पाहिलेलं नव्हतं, कारण मोटारीत बसलं की त्यांना मळमळे. घर मात्र ते सरकारसारखं चालवत. मावशीकडे गृहखातं, म्हशीकडे अन्नपुरवठा. मी सुट्टीत गेलो की पाणीपुरवठा माझ्याकडे, म्हणजे आडावरून घागरी आणायच्या. एकदा वरणात मीठ जास्त पडलं तेव्हा ते गंभीरपणे मावशीला म्हणाले, "तुमचं खातं काढून घ्या लागते." मावशी म्हणाली, "घ्या नं. उद्यापासून चूल तुमच्याकडे." मावशीचं खातं हात धुवायच्या आत तिला परत मिळालं.

पण नागपुरात खरोखर सरकार बनायची वेळ आली की हा गमत्या माणूस गप्प होई. भर दुपारी ओसरीत पाट मांडून ते चुन्याच्या भिंतीसमोर बसत आणि पापणी न लववता बघत राहत. बाहेर ऊन रणरणत असे, तरी त्यांच्या शेजारून गेलं की माझ्या अंगावर काटा येई. घरातलं मांजर तेवढा वेळ ओसरी ओलांडत नसे. मग हलक्या आवाजात एकेकाचं नाव घेत ते बोलू लागत, "पंगत बसून राह्यली. वरच्या पाटावर मुख्यमंत्री. त्याच्या बाजूचा डावखुरा आहे. शेवटचा खोकलून राह्यला." पहिल्या खेपेला शेजारचे सायकलवाले करीमभाई यावर पोट धरून हसले होते. सगळी गल्ली ज्याच्यावर बातम्या ऐके तो रेडिओ त्यांच्याच दुकानात होता. त्या रेडिओवर मावसाजींनी सांगितलेल्या क्रमानेच नावं येऊ लागली, आणि पुढे नागपूरहून आलेल्या एका वकिलाने दुसऱ्या नावाचा मंत्री खरंच डावखुरा असल्याचं सांगितलं, तेव्हा करीमभाईंचं हसू मावळलं.

"शेटजी, तुम्हाले कसं समजते हे?"

"समजत नाही, करीमभाई. दिसते. नाही दिसलं तर बरं होईल, असं वाटते कधी कधी."

पुढच्या निवडणुकीत तेच मुख्यमंत्री पुन्हा निवडून आले आणि मेहकरात कुजबुज सुरू झाली. जुन्यांपैकी कोण राहतं, कोणाला नारळ मिळतो, प्रांतातल्या हिंदी मुलखाला किती जागा आणि वऱ्हाडाच्या वाट्याला किती! अशात एका दुपारी आमच्या भागाचे आमदार भाऊसाहेब दारात उभे राहिले. धिप्पाड शेतकरी गडी, गडगडाटी हसणारा. खामगावला जाऊन नागपूरची गाडी धरायची होती त्यांना.

"शेटजी, माझं पान आहे का, तेवढं पाहा."

मावसाजी भिंतीकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम फुटला.

"आहे," ते म्हणाले. "तुमच्या नावाचं पान वाढलेलं आहे."

भाऊसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "मंग निघतो!"

"थांबा. जेवून जा."

आत येऊन मावसाजींनी मावशीचा हात धरला. मी तिथेच उभा होतो. "पान वाढलेलं आहे, पण पाटावर माणूस नाही. याले आज जाऊ देऊ नको." मावशीने पदर खोचला. तिने पुरण शिजत घातलं. पुरण होईपर्यंत भजी, भज्यांनंतर कढी. मध्येच भाऊसाहेब उठू लागले की मावसाजी त्यांना कापसाच्या भावावरून वाद घालायला लावत. "काऊन घाई करता? मंत्री जरा उशिरानंच शोभते." भाऊसाहेब हसत, बसत, आणखी एक पोळी घेत. शेवटी खामगावची मोटार निघून गेली. "चला, आता उद्या," म्हणत भाऊसाहेबांनी ढेकर दिला. मावसाजींचा चेहरा तेव्हा कुठे सैल झाला. त्यांनी स्वतः ओसरीतल्या खाटेवर गादी घातली, उशी दिली आणि पाहुणा घोरू लागल्यावर समाधानाने सुपारी कातरत बसले.

उन्हं कलली तेव्हा करीमभाई धावतच आले. "शेटजी! रेडिओवर नाव आलं! भाऊसाहेब मंत्री झाले!" पाठोपाठ गल्ली जमली. कोणी गुलाल आणला, कोणी पेढे. मावसाजी हसतच खाटेपाशी गेले. "भाऊसाहेब, उठा. नाव लागलं तुमचं." त्यांनी खांदा हलवला, मग कपाळाला हात लावला, आणि तो हात तिथेच राहिला. घोरणं कधी थांबलं, ते कोणालाच कळलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय केव्हाचं थकलं होतं, गाडीतही हेच झालं असतं. मावसाजींना ते पटलं नाही. कितीतरी दिवस ते मावशीला एकच विचारत, "पाट रिकामा दिसला म्हणून म्या अडवलं, का म्या अडवलं म्हणून पाट रिकामा दिसला?" लोक दुपारी मावसाजींच्या ओसरीसमोरून जायचं टाळू लागले. भाऊसाहेबांच्या पत्नी मात्र सुतक फिटल्यावर मुद्दाम आल्या. "परक्या गावात, गाडीच्या फळीवर गेले असते," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरी पोटभर जेवले, हसले. मले तेच सांगायचं होतं." मावसाजी लहान मुलासारखे रडले, आणि त्यानंतर त्यांना भिंतीवर काही दिसेनासं झालं.

पुढे वऱ्हाड नागपूरहून सुटून मुंबईला जोडलं गेलं. तिथलं मंत्रिमंडळ जाहीर व्हायचं होतं त्या संध्याकाळी मावसाजी करीमभाईंच्या दुकानात, चारचौघांसारखे फळीवर टेकून बसले. प्रत्येक नावाला ते मान पुढे काढून "असं का!" म्हणत होते. घरी परतताना ते इतके भरभर चालले की मी मागे पडलो. उंबरठ्यातूनच त्यांनी हाक मारली, "अवं, ऐकलं का? कोणकोण मंत्री झाले, तुले माहीत आहे का?" रेडिओचा आवाज भिंतीपलीकडून स्वयंपाकघरात स्पष्ट येत असे आणि मावशीने सगळी नावं ऐकली होती. तिने हातातलं काम खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "नाही बाई. सांगा नं."