सिस्टरचे जादा दोन दिवस

देऊळघाटात सिंधूताईंना नावानं हाक मारणारं फारसं कुणी नाही. लहानथोर सगळे 'सिस्टर' म्हणतात. उपकेंद्रातली नोकरी संपून तीन वर्षं झाली. पण गावानं काही त्यांना निवृत्त केलं नाही. अंगणात चप्पल वाजली की त्या आधी तव्यावरची पोळी उतरवतात, मग विचारतात, "कोणाले काय झालं?"

गेल्या वर्षावासात, पावसाळ्यातल्या ग्रंथवाचनाच्या तीन महिन्यांत, विहारात श्रीलंकेच्या सहलीचं ठरलं. कल्पना उत्तमराव गुरुजींची. अनुराधपूरचा बोधिवृक्ष, कँडीचं दंतमंदिर, जानेवारीत जायचं आणि आठ दिवसांत परत. गुरुजींना वाटलं सहा-सात नावं येतील. आली एकोणीस. त्यातल्या बारा बाया साठीच्या पुढच्या. घराघरांतून एकच वाक्य ऐकू यायचं, "सिस्टर हाय ना संग. मंग कायचं भेव?"

सिंधूताईंनी नाव दिलं होतं त्याला आणखी एक कारण होतं. त्यांना समुद्र पाहायचा होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, तुम्ही तर मुंबईला जाऊन आल्या. ते खरं होतं. सहा डिसेंबरला त्या चार वेळा चैत्यभूमीवर गेल्या होत्या. चारही वेळा आरोग्य मंडपात. समोर पायाला फोड आलेल्यांची, चक्कर आलेल्यांची रांग, आणि समुद्र मंडपाच्या मागे. चौथ्या वर्षी परतीच्या गाडीत बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण त्याचा नुसता आवाज ऐकला.

बोधिवृक्षाला वंदन तर करायचंच होतं. पण त्यानंतर दोन दिवस त्यांना पाण्यासमोर बसायचं होतं. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे कुणी विचारणार नाही अशा ठिकाणी.

पासपोर्टची कामं दिवाळीपर्यंत चालली. मग गुरुजी म्हणाले, "सिस्टर, सगळ्यांची एक यादी करून द्या. तुम्हाले सवय हाय."

सवय होतीच. लसीकरणाच्या मोहिमेआधी त्या असाच तक्ता आखायच्या. दोन दुपारी बसून त्यांनी आठ रकाने पाडले. नाव, वय, बीपी, साखर, चालू गोळ्या, गुडघे, खोलीत सोबत कोण, संडासाजवळची सीट कोणाला. खाली सही केली आणि कागद गुरुजींना दिला. गुरुजींनी नावं न मोजता, न वाचता तो शेगावच्या एजंटाकडे धाडला.

आठवड्यानं एजंटाचा फोन आला. अठरा तिकिटं झाली होती.

गुरुजी कागद घेऊन धावतच आले. "सिस्टर, तुमचं नाव कुठी हाय याच्यात?"

सिंधूताईंनी वरून खाली बोट फिरवलं. मग पुन्हा खालून वर. त्यांचं नाव होतं, पण तक्त्याच्या बाहेर, सहीच्या जागी. तीस वर्षं त्या तिथंच नाव लिहीत आल्या होत्या. यादी लोकांची असते, तयार करणारी त्यात नसते.

"तुमच्याशिवाय या बाया विमानात पाय नाही टाकनार," गुरुजी घाम पुसत म्हणाले. "एजंट म्हनते, आता एक तिकीट वेगळं काढा लागन. जातानाचं भेटते त्याच विमानाचं."

"अन येतानाचं?"

"तेबी वेगळंच. जी तारीख सांगसान ती."

सिंधूताईंनी कागदाची घडी घालून तो परत दिला. मग म्हणाल्या, "मंग माही वापसी दोन दिवसानं टाका."

रात्रीपर्यंत थांबवेना, म्हणून त्यांनी तेव्हाच गोठ्यात जाऊन नवऱ्याला सांगितलं. इंद्रभानराव बकरीला पाला टाकत होते. त्यांचे गुडघे गेलेले, ते सहलीला जाणार नव्हते.

"समुद्राजोळ दोन दिवस करशीन काय?"

"काहीच नाही."

इंद्रभानरावांनी बराच विचार केला. "जमन काय तुले?"

पौर्णिमेला वंदना झाल्यावर गुरुजींनी विहारात सांगून टाकलं. एकदम गलका उठला. "येताना कोन पाहीन आमाले?" "विमानात साखर उतरली त?" सगळ्यांत मोठा आवाज भिमाबाईचा. सत्तरीची, शेजारीण, सिंधूताईंच्या तिन्ही बाळंतपणांत उशाशी बसलेली.

"गपा वं!" ती म्हणाली. "तिले एकटीले सोडता काय परदेशात? मीबी राह्यतो तिच्या संग."

सगळ्यांनी माना डोलावल्या. विमानात साखरेची खरी काळजी भिमाबाईचीच होती, तीच मागे थांबणार म्हटल्यावर प्रश्न सुटला होता. गुरुजी तर लगेच मोबाईल काढून एजंटाचा नंबर शोधू लागले.

"नाही भिमाबाई," सिंधूताई म्हणाल्या. "मी एकटीच राह्यतो."

"काऊन? मी काय तुले खाऊन राह्यली?"

"नाही. पण तू संग असली की मी तुह्या तोंडाकडंच पाह्यत राह्यतो. घाम आला काय, हात थरथरते काय."

भिमाबाई उठली. काठी उचलून निघून गेली.

दर गुरुवारी सकाळी ती साखर तपासायला यायची. त्या गुरुवारी आली नाही. सिंधूताईंनी मशीन काढून ठेवलं होतं. दोनदा दारापर्यंत जाऊन आल्या. शेजारच्या घरातून खलबत्त्याचा आवाज येत होता, म्हणजे बाई ठीक होती. एकदा त्यांच्या मनात आलं, गुरुजींना सांगून टाकावं, तारीख बदला. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला.

पुढच्या गुरुवारी भिमाबाई आली. खाली बसली. बोट पुढं केलं नाही.

"शिकव मले. कुठी टोचाचं ते."

सिंधूताईंनी सांगितलं. बोटाच्या टोकाला नाही, बाजूला. भिमाबाईनं सुई धरली, डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. पट्टी उलटी लावली. सिंधूताईंनी दोन्ही हात पदराखाली धरून ठेवले.

"उलटी हाय काय व?"

"तूच पाह्य."

तिनं पाहिलं. सुलटी केली. रक्ताचा थेंब आधी नऊवारीवर पडला, दुसरा पट्टीवर. आकडे तिला वाचता येत होते. "एकशे बासट," ती म्हणाली. मग आपल्याच बोटाकडं बघत बसली. "शंभराच्या खाली गेली त बिस्कीट खाजो म्हनत होती ना तू?"

"सत्तरच्या खाली, भिमाबाई. शंभरावर खाशीन त रोजच खाशीन."

भिमाबाई हसली. दहा दिवसांत पहिल्यांदा. "जाय मंग. राह्य तिकडं. पन म्या फोन लावला त उचलशीन ना?"

सिंधूताईंच्या ओठांवर होकाराचं 'हाव' आलंच होतं. त्यांनी ते आवरलं.

"सकाळी एकदा," त्या म्हणाल्या. "मंग नाही."