रजिस्टरमधले तीन फोन

दुपारी भाईंदर पूर्वेला भाजी घेत होते, तेव्हा वॉर्डातून फोन आला. “विजयाताई गेली. पुढच्या ड्युटीला चार्ज देता देता कोसळली…” हातातली मेथी मी तशीच ढिगावर ठेवली. पन्नाशी नुकतीच ओलांडली होती तिने.

काशीमीऱ्याजवळच्या एका खासगी रुग्णालयात आम्ही दोघी अकरा वर्षं नर्स होतो. ती मला सीनियर, मूळची रत्नागिरीकडची, मोजकं बोलणारी. नव्या मुलींना सलाइन लावायला शिकवताना म्हणायची, “सुई नंतर. आधी पेशंटला नावाने हाक मार.”

गेल्या वर्षी एका सकाळी एक आजोबा धापा टाकत आले. विजयाताईने डॉक्टरांना तीनदा फोन केला, तिन्ही वेळा रजिस्टरमध्ये लिहिल्या. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. आजोबांच्या मुलाने भर वॉर्डात तिच्या कानाखाली मारली. “तुम लोगों ने मारा उनको!” तिने गालाला हातसुद्धा लावला नाही, आधी आजोबांचे डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी तिला मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावलं. तो मुलगाही तिथे होता. “रजिस्टर घेऊन चल गं माझ्याबरोबर,” ती मला म्हणाली. पण रजिस्टर कोणी मागितलंच नाही. “सिस्टर, माफी मागा, विषय इथेच मिटू दे,” मॅनेजर म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टर छातीशी धरून पंख्याकडे बघत राहिले… मलाही नोकरी टिकवायची होती. तिने त्या मुलापुढे हात जोडले.

त्यावरून ती मला कधीच काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर ती ऑक्सिजन पुन्हा पुन्हा तपासायची. ड्युटीआधी बाथरूममध्ये जाऊन ओकायची, तोंड धुऊन, केसांना पिना लावून वॉर्डात यायची. ओपीडीत बदली मागितली, तर “तुमच्यासारखी अनुभवी सिस्टर वॉर्डातच हवी” म्हणून नकार मिळाला. एकदा मी बळेच तिचं बीपी घेतलं. आकडा बघून पेन उचललं, तर तिने माझा हात धरला. “लिहू नकोस गं. घरी बसवतील.” मी लिहिलं नाही. आम्ही दुसऱ्यांचं बीपी दिवसभर लिहितो…

तेराव्याला पेणकरपाड्याला तिच्या घरी गेले. बेल दाबली, वाजली नाही. दार ठोठावलं. तिच्या यजमानांनी उघडलं. “बेल बंद केलीय वर्षभर,” ते म्हणाले. “वाजली की ती दचकून उठायची. कुठल्या बेडचं मशीन वाजतंय, म्हणायची.” शिट्टी ऐकू येऊ नये म्हणून कुकरही ते ती घरी नसतानाच लावायचे.

मी त्यांना केबिनमधलं सगळं सांगितलं. ते खाली बघत ऐकत होते.

“माहीत आहे,” एवढंच म्हणाले.

मी निघाले. त्यांनी कडी बोटाने दाबून धरली आणि आवाज होणार नाही असं, अगदी हळू, दार लावून घेतलं. आत झोपलेलं कोणीच नव्हतं.